पाठपुरावा क्लिनिक: पहिली दोन वर्षं चोख, पुढे तुमचं तुम्ही

पाचपैकी साडेतीन तारे. हा आकडा ठरवायला मला बरेच दिवस लागले. पहिल्या दोन वर्षांचे वेगळे द्यायचे तर साडेचार होतात, पुढच्या पाच वर्षांचे शून्य, आणि शेवटच्या दीड वर्षाने गाडी कशीबशी रुळावर आणली.

लेक २७व्या आठवड्यात झाली. वजन ९२० ग्रॅम. आता साडेआठ वर्षांची आहे. एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, घरी सोडताना नर्सने डिस्चार्ज कार्डाच्या पाठीवर पेनाने लिहून दिलं होतं, 'हाय रिस्क क्लिनिक, चुकवू नका', आणि 'चुकवू नका'खाली दोन रेघा मारल्या होत्या. लवकर जन्मलेल्या बाळांची वाढ पुढे तपासत राहणाऱ्या त्या क्लिनिकचा हा रिव्ह्यू. नाव मुद्दाम देत नाही. ज्यांनी घोळ घातला आणि ज्यांनी तो निस्तरला ती माणसं एकाच व्हरांड्यात बसतात, आणि या प्रकारची क्लिनिकं साधारण अशीच चालतात असं इतर आयांशी बोलून कळलंय.

मी शिवणकाम करते. वैद्यकातलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. मापं घेणं आणि माप चुकलं की कपडा नेमका कुठे ओढतो, एवढं मात्र कळत होतं. या क्लिनिकचं कामही बरंचसं तेच आहे, त्यामुळे मी इथे ज्या गोष्टींवर खूश झाले आणि ज्यांच्यावर चिडले त्या बहुतेक मापाच्याच आहेत.

आधी हे कुणासाठी ते सांगते, कारण रांगेत दर वेळी कुणीतरी विचारतंच. ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं प्रत्येक बाळ मुदतपूर्व. जगात दहातलं एक बाळ असं येतं. २०२० साली ती संख्या सुमारे १ कोटी ३४ लाख होती. त्यातली बहुतेक ३२ आठवडे ओलांडून आलेली असतात. ३२च्या आतली फार लवकरची, २८च्या आतली त्याहूनही आधीची. क्लिनिक मुख्यतः या शेवटच्या दोन गटांसाठी आहे. 'बाळ तर छान दिसतंय, कशाला जायचं?' असं घरातलं कुणी म्हणत असेल तर त्यांना घरीच ठेवा आणि तुम्ही जा. आमच्याकडे हे माझ्या सासूबाई म्हणत होत्या. दुसऱ्या भेटीला त्याच माझ्याआधी चपला घालून तयार.

पहिली भेट

नंबर लागायला तीन तास. खुर्च्या मोठ्या माणसांच्या, दूध पाजायला आडोसा नाही, आणि पंख्याखालची जागा नेमकी ऑक्सिजनवर घरी गेलेल्या बाळांच्या वाट्याला. या सगळ्याचा अर्धा तारा कापला.

पण आत गेल्यावर डॉक्टरांनी जे केलं ते आजवर कुणी केलं नव्हतं. डिस्चार्ज कार्ड त्यांनी आमच्यासमोर ओळ न ओळ वाचलं आणि प्रत्येक ओळीचा अर्थ सांगितला. कार्डावर 'आयव्हीएच ग्रेड १' असं होतं. मी तीन महिने ते वाचून मनातल्या मनात मरत होते. मेंदूत रक्तस्राव म्हटल्यावर दुसरं काय होणार? त्यांनी कागदावर चित्र काढून चार पायऱ्या दाखवल्या. पहिली सगळ्यात सौम्य, चिंता करायची ती तिसऱ्या-चौथीची. ही प्रतवारी १९७८ पासून वापरात आहे म्हणे. म्हणजे माझ्या बाळाचा जन्म व्हायच्या कितीतरी आधीपासून कुणालाही मला हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं!

दुसरी ओळ कॅफिनची. बाळ श्वास घ्यायचं विसरतं म्हणून त्याला कॅफिन देतात, हे मला एनआयसीयूत कळलं तेव्हा मी नर्सशी भांडले होते. एवढ्याशा जिवाला कॅफिन? डॉक्टर म्हणाले, यावर २००६ बाळांना घेऊन मोठा प्रयोग झालाय. कॅफिन मिळालेल्या बाळांत दीड-पावणेदोन वर्षांच्या वयात सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींत येणारं अपंगत्व, कमी आढळली, आणि ११व्या वर्षीही हालचालींतल्या अडचणी कमी होत्या. औषध श्वासाचं, उपयोग हातापायांना. त्या दिवशी घरी जाऊन मी कॅफिनची ओळ हिरव्या पेनाने रंगवली.

आणि मग वय. फाइलवर दोन वयं लिहिली जातात, जन्माचं आणि करेक्टेड, म्हणजे बाळ ४० आठवडे भरून ठरलेल्या दिवशी आलं असतं तर झालं असतं ते. ४० वजा २७ म्हणजे १३ आठवडे, जवळपास तीन महिने. जन्माला सहा महिने झाले असतील तर मोजायचं तीनच. हे दुसरं वय साधारण दोन वर्षांपर्यंत धरायचं. शिवणाऱ्या बाईला हे समजवावं लागत नाही. वाढत्या अंगाच्या कपड्याला आपण शिवणीत माया सोडतोच, बाहेरून ती दिसत नाही एवढंच. पण 'सहा महिन्यांची झाली आणि अजून पालथी पडत नाही?' असं विचारणाऱ्या प्रत्येकाला शिवण उलटून दाखवता येत नाही. पुढे पुढे मी लोकांना थेट करेक्टेड वयच सांगायला लागले. खोटं कमी, शांतता जास्त.

तीन मिनिटांचा व्हिडिओ

या क्लिनिकचं मला विचाराल तर सगळ्यात मोलाचं काम हे, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते काम वाटतही नाही.

करेक्टेड तीन महिन्यांना फिजिओ ताईंनी लेकीला कपडे काढून चटईवर उताणं ठेवलं. बाळ जागं हवं, रडायला नको, हातात खेळणं नको, तोंडात चोखणी नको. आईने बोलायचं नाही, हसायचं नाही. वरून कॅमेरा. तीन मिनिटं आम्ही सगळे गप्प. मग त्यांनी तो व्हिडिओ आवाज बंद करून दोनदा पाहिला.

त्या बघत होत्या ती फिजेटी हालचाल. या वयाचं निरोगी बाळ नुसतं पडलेलं असलं तरी त्याची मान, खांदे, मनगटं, घोटे सतत बारीक बारीक गोलाकार हलत असतात, सगळ्या दिशांना, एका लयीत नव्हे. करेक्टेड नवव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत ही दिसते, मग जाणीवपूर्वक हालचाली सुरू झाल्या की निघून जाते. प्रेख्टल नावाच्या डॉक्टरांनी ही पद्धत बसवली. ती हालचाल दिसली तर मोठी काळजी बरीच कमी. अजिबात दिसली नाही तर सेरेब्रल पाल्सीची शक्यता बरीच वाढते, आणि त्या बाळाला लगेच हाती घ्यायचं असतं. मी घरी जाऊन लेकीकडे तासभर बघत बसले. महिनाभर जे मला 'उगाच वळवळ' वाटत होतं ते म्हणजे तिच्या मेंदूने पाठवलेली पोच होती.

याच्या जोडीला हॅमरस्मिथ तपासणी. २६ गोष्टी तपासतात, एकूण गुण ७८. मानेचा आधार, पाठीचा बाक, पाय ओढल्यावर सैल लागतात की ताठ, आवाजाकडे वळते का. दहा मिनिटांत होते, यंत्र लागत नाही, बाळ फारसं रडत नाही.

आमच्या शेजारी एक जोडपं असायचं. त्यांच्या मुलाच्या व्हिडिओत ती हालचाल नव्हती. एमआरआयमध्ये मेंदूतल्या पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग दुखावलेला निघाला. पूर्वी अशा मुलांना 'दीड-दोन वर्षांपर्यंत वाट बघू' म्हणून घरी पाठवत. २०१७ मध्ये आयोना नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरचे पुरावे एकत्र करून मांडलं की करेक्टेड सहा महिन्यांच्या आधीच खात्रीने सांगता येतं, थांबायचं कारण नाही. त्या मुलाची थेरपी चौथ्या महिन्यात सुरू झाली. आज तो घोट्याला स्प्लिंट बांधून चालतो, जिने चढताना कठडा धरतो, आणि माझ्या लेकीपेक्षा दुप्पट बोलतो. त्याची आई या क्लिनिकला पाच तारे देईल. द्यायलाच हवेत.

डोळे, कान आणि एक कागद

इथून माझ्या तक्रारी सुरू होतात.

डोळे एका विभागात, कान दुसऱ्या, मेंदू-हातपाय तिसऱ्या. तीन खिडक्या, तीन फाइली, आणि एकीला दुसरीचा पत्ता नाही. रेटिनाची, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याची, तपासणी एनआयसीयूत वेळेवर झाली होती. १९४०च्या दशकात जास्तीच्या ऑक्सिजनमुळे मुदतपूर्व बाळं मोठ्या संख्येने आंधळी झाली, त्यातून शिकून आता ही तपासणी कुणी सोडत नाही. पण रेटिना सुटली म्हणजे डोळे सुटले असं नसतं. या मुलांत चष्मा आणि तिरळेपणा पुढेही जास्त निघतो. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. लेक टीव्हीला नाक लावायला लागली तेव्हा आम्ही होऊन गेलो. चष्म्याचा नंबर उणे साडेतीन.

कानाचं प्रकरण त्याहून वाईट होऊ शकलं असतं. कानाच्या विभागाने ओएई करून 'पास' असा कागद दिला, आम्ही तो फाइलला लावला आणि विसरलो. सहा महिन्यांनी फिजिओ ताईंनी सहज विचारलं, 'बेरा झाली ना?' झाली नव्हती. ओएई फक्त आतल्या कानाचा प्रतिसाद बघते. तिथून मेंदूपर्यंतची वाट मोकळी आहे का, ते तिला कळत नाही, ते बेरा बघते. एनआयसीयूत पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या बाळाची म्हणून बेराच्या पद्धतीनेच तपासणी करायची असते. आमची लेक ७१ दिवस राहिली होती. नंतर केली, नॉर्मल आली. पण कानाची गोष्ट फिजिओला आठवावी लागते, यातच सगळं आलं.

आणि तो ऑटिझमचा फॉर्म. जन्माला दीड वर्ष झालं त्या आठवड्यात खिडकीवरच्या माणसाने २० प्रश्नांचा कागद हातात दिला. चालते का? खुर्चीवर, पायरीवर चढते का? गंमत दाखवायला बोट करते का? तिन्हींना 'नाही'. कागद परत दिला, त्याने बेरीज केली आणि म्हणाला, 'पॉझिटिव्ह आहे, मॅडमची पुढच्या महिन्याची तारीख घ्या.' बस. महिनाभर आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. नवऱ्याने इंटरनेटवर जे जे वाचायला नको ते सगळं वाचलं.

मॅडमनी, म्हणजे क्लिनिकमध्ये मुलांच्या चाचण्या घेणाऱ्या बाईंनी, फॉर्मवरची तारीख बघितली आणि कपाळाला हात लावला. हा फॉर्म १६ महिन्यांच्या पुढचा, आणि लेक करेक्टेड वयाने १५ महिन्यांची होती. आपल्याच फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दुसरं वय खिडकीने वाचलंच नव्हतं. शिवाय, मॅडम म्हणाल्या, अमेरिकेत २८ आठवड्यांआधी जन्मलेल्या मुलांच्या मोठ्या अभ्यासात पाचातल्या एकाचा हा फॉर्म पॉझिटिव्ह आला होता, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना चालण्याची, दिसण्याची किंवा ऐकण्याची अडचण होती. जे मूल उभंच राहत नाही ते 'चढते का'ला 'हो' कसं म्हणणार? म्हणून फॉर्मनंतर समोरासमोर बोलणं सक्तीचं असतं. करेक्टेड २० महिन्यांना पुन्हा भरला. सुटली.

फॉर्म वाईट आहे असं मी म्हणत नाही. फार लवकर जन्मलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण खरंच जास्त असतं, एकत्रित अभ्यासांत ते सुमारे ७ टक्के निघालंय. तो भरायलाच हवा. पण तो खिडकीतून द्यायचा कागद नाही.

एक चांगली गोष्ट इथेच सांगून टाकते. याच काळात एका नर्सने लेकीचं वजन घेता घेता मला विचारलं, 'तुम्ही झोपता का नीट?' क्लिनिकच्या आयुष्यातला माझ्याविषयीचा तो पहिला प्रश्न. मी तिथेच रडले आणि तिने मला दुसऱ्या मजल्यावर समुपदेशकाकडे नेऊन बसवलं. तिच्या कामाच्या यादीत ते नसावं.

९५, ९४, ८८

करेक्टेड दोन वर्षांना बेली चाचणी. ही नॅन्सी बेली यांची, पहिली आवृत्ती १९६९ची. आमच्या वेळी तिसरी वापरत होते. ठोकळे, कप, चित्रांचं पुस्तक, खुंट्यांचा पाट. लेकीने सहा ठोकळ्यांचा मनोरा केला आणि सातवा मॅडमच्या पर्समध्ये टाकला. दीड तासाने निकाल: आकलन ९५, भाषा ९४, हालचाली ८८. मधला आकडा १००, आणि १५ खाली-वर म्हणजे सर्वसाधारण.

डॉक्टर हसले, 'उत्तम. आता यायची गरज नाही.' फोटो काढला. फाइलवर शिक्का बसला.

इथे मला जरा थांबायचंय, कारण माझा कापलेला तारा जवळजवळ सगळा इथे आहे.

बेलीच्या त्या तिसऱ्या आवृत्तीबद्दल ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१० मध्येच लिहिलं होतं की ती मुलांचे गुण वाढवून दाखवते, मागे पडलेलं मूलही बरं दिसतं. मोजपट्टी ताणली तर आकडा कमी येतो, आखडली तर जास्त, हे मला कुणी शिकवायला नको. आखडलेल्या पट्टीने घेतलेलं ९५ हे नक्की किती? आणि पट्टी अगदी बरोबर असती तरी दोन वर्षांच्या मुलाचं गणित, लक्ष, घाईत काम उरकणं मोजणार कसं? ते अजून उगवलेलंच नसतं. दुसऱ्या वर्षीच्या गुणांवरून आठव्या वर्षीची शाळा सांगणं म्हणजे अंगरख्याच्या मापावर कोट बेतणं.

डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही. त्यांच्या सेवेची मुदत दोन वर्षांचीच होती, आणि मुदत संपली हे त्यांनी 'सगळं ठीक आहे' या शब्दांत सांगितलं. आम्ही ते शब्दशः घेतलं.

मधली पाच वर्षं

शाळेत प्रवेश जन्मतारखेने झाला. लेक ठरलेल्या दिवशी जन्मली असती तर तारीख प्रवेशाच्या सीमारेषेपलीकडे गेली असती आणि ती एक वर्ग मागे बसली असती. वर्गात सगळ्यात लहान, आणि खरं पाहता त्याहून लहान. याचा विचार प्रवेशाआधी करायला हवा, एवढं एक वाक्य कुणी त्या शेवटच्या भेटीत बोललं असतं तर!

वाचायला लवकर लागली. गोष्टी पाठ. म्हणून कुणाला शंका आली नाही. पण फळ्यावरून उतरवून घेताना अर्धं राहायचं. तीन सूचना एकदम दिल्या की पहिली तेवढी पाळायची. बेरजा हातच्यापर्यंत ठीक, हातचा आला की सगळं पांगायचं. दंगा नाही, उठून पळणं नाही, नुसतं खिडकीकडे बघणं. बाईंचा शेरा दर सत्रात तोच: 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.'

आणि कात्री. हे मला अजून लागतं. शिवणाऱ्या बाईची पोर, घरात सात कात्र्या, आणि सहाव्या वर्षी तिला कागदावरची सरळ रेघ कापता येईना. दुसरा हात कागद फिरवायचाच नाही. मी ओरडले. एकदा कात्री हिसकावून घेतली. तिने त्यानंतर कात्रीला हातच लावला नाही, बटणं लावायची वेळ आली की दादाला हाक मारायची.

सातव्या वर्षी मी क्लिनिकला फोन केला. 'फाइल बंद आहे, आम्ही दोन वर्षांपर्यंतच बघतो.' दुसरा फोन, तेच. तिसऱ्या वेळी स्वतः गेले, आणि व्हरांड्यात नेमक्या मॅडम भेटल्या. त्यांनी रीतीबाहेर जाऊन तारीख दिली. रिव्ह्यूत 'व्हरांड्यात भेट झाली तर सेवा मिळते' असं लिहिण्याची सोय नाही, म्हणून हे इथे नोंदवते.

दुसरी खेप

दोन सकाळी चाचण्या झाल्या. बुद्धीच्या चाचणीत शब्दांचं आकलन चांगलं, पण आकडे उलट क्रमाने सांगणं आणि चिन्हं भराभर उतरवणं यात खूप खाली. म्हणजे समजतं सगळं, पण डोक्यात धरून ठेवायची जागा अपुरी आणि वेग कमी. हालचालींच्या चाचणीत खुंट्या बसवणं, नाडी ओवणं, दोन हातांनी चेंडू झेलणं, एका पायावर तोल, टाचेला चवडा लावून चालणं. ती रडली नाही, पण चेंडू दहातले दोनच झेलले. निदान: डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, म्हणजे हातापायांच्या हालचालींचा मेळ बसायला जड जाणं, आणि अवधानाची अडचण, तीही शांत प्रकारची.

मॅडमनी मग ते सांगितलं जे मला पाच वर्षं आधी ऐकायचं होतं. फार लवकर जन्मलेल्या मुलांच्या अभ्यासांतून हाच नमुना पुन्हा पुन्हा दिसतो: लक्ष न टिकणं, चिंता, समवयस्कांत मिसळायला जड जाणं. वळवळ आणि दंगा मात्र त्यामानाने कमी, म्हणून वर्गात ही मुलं नजरेतून सुटतात. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र केले तेव्हा या मुलांचा बुद्ध्यंक सरासरीने सुमारे १३ अंकांनी कमी निघाला. गणितावरचा परिणाम वाचनापेक्षा मोठा. ब्रिटन-आयर्लंडमध्ये १९९५ साली २६ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांचा माग एपिक्युअर अभ्यासात थेट १९व्या वर्षापर्यंत ठेवलाय, जर्मनीत बव्हेरियातल्या १९८५-८६च्या मुलांचा त्याही पुढे. शाळेतल्या या अडचणी नवीन नाहीत, कुणालाही माहीत नसलेल्या नाहीत. सरासरी ही अर्थात सरासरी. सरासरी मापाचा ब्लाउज शिवला तर तो कुणाच्याच अंगाला बसत नाही, आणि यातली कितीतरी मुलं कसलीही अडचण न येता शिकतात. पण कुठे बघायचं ते तरी कळतं.

ब्रिटनच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत २८ आठवड्यांआधी जन्मलेल्या मुलांना चौथ्या वर्षी पुन्हा बोलावून तपासावं असं लिहिलंय. माझी लेक २७ची. तशी एक भेट असती तर कात्रीचं आम्हाला तीन वर्षं आधी कळलं असतं आणि मी ती तिच्या हातून हिसकावली नसती.

दुसऱ्या खेपेला मिळालेली सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे एका पानाचं पत्र. शाळेच्या नावे, साध्या भाषेत. हिला पुढच्या बाकावर बसवा, एका वेळी एक सूचना द्या, फळ्यावरचं छापून द्या, दहाऐवजी पाच गणितं पण वेळ पूर्ण. 'लक्ष देत नाही' असं नको, 'लक्ष टिकवायला मदत लागते' असं म्हणा. बाईंनी पत्र वाचून विचारलं, 'हे आधी का नाही सांगितलंत?' मी लपवलं होतं, हे खरं. पोरीवर शिक्का नको म्हणून. बाईंनी तिच्यावर दुसराच शिक्का मारला होता, आळशी. त्यांनाही दोष देत नाही, शिक्षकांच्या प्रशिक्षणात मुदतपूर्व जन्माचा विषय क्वचितच असतो. ब्रिटनमध्ये त्यासाठी प्रिझम नावाचा मोफत ऑनलाइन पाठ केलाय, तो मी बाईंना पाठवला. त्यांनी बघितला, हे विशेष.

ओटी, म्हणजे रोजची कामं हाताला शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी. त्या ताईंकडे आठवड्यातून एकदा. त्यांनी कात्री सुरू केली ती कागदापासून नव्हे, जाड पुठ्ठ्याच्या बोटभर रुंद पट्ट्यांपासून. एक टिचकी, पट्टी तुटली. रेघ नाहीच. मग दोन टिचक्यांची पट्टी. मग जाड रेघ. पातळ कागद सगळ्यात शेवटी, कारण तो लवतो. वीस वर्षं कात्री चालवूनही मला हे सुचलं नव्हतं. मी मशीनखालच्या पिशवीतल्या कॅनव्हासच्या चिंध्या नेऊन दिल्या. ताईंनी त्या ठेवून घेतल्या, आता दुसऱ्या मुलांनाही देतात.

एक प्रसंग राहिला. अहवाल लिहिण्याआधी मॅडमनी मला बाहेर बसवलं आणि लेकीला विचारलं, तुला स्वतःला काय अवघड वाटतं? ती म्हणाली, 'सगळे "लवकर लवकर" म्हणतात ते. मला येतं, पण मला सुरू व्हायला वेळ लागतो.' आणि काय आवडतं? 'खूप काही. सगळं सांगू का?' साडेसात वर्षांत तिच्या फाइलमध्ये तिच्या तोंडचं आलेलं हे पहिलं वाक्य. कॅनडातल्या सरोज सैगल यांनी एक किलोच्या आत जन्मलेल्या मुलांना किशोरवयात थेट विचारलं होतं की तुमचं आयुष्य तुम्हाला कसं वाटतं, आणि बहुतेकांनी चांगलं म्हटलं होतं. अशाच प्रकारच्या आयुष्यांना डॉक्टर-नर्सनी त्या मुलांपेक्षा आणि पालकांपेक्षा कमी गुण दिले. आमच्या क्लिनिकच्या फॉर्मवर आईसाठी चार रकाने आहेत, मुलासाठी एकही नाही. मॅडमनी तिचं वाक्य समासात लिहिलंय.

जाणार असाल तर

जाच. विशेषतः तीन ते पाच महिन्यांची व्हिडिओची भेट कुठल्याही कारणाने पुढे ढकलू नका, ती वेळ गेली की ती हालचाल पुन्हा दिसत नाही. डिस्चार्ज कार्डाच्या चार झेरॉक्स ठेवा, तिन्ही खिडक्या मागतात. प्रत्येक फॉर्मवर करेक्टेड वय स्वतः लिहा, लाल पेनाने. बेरा झाली का, हे विचारा आणि कागद बघितल्याशिवाय मान डोलावू नका. बाळाचा झोपेचा वेळ टाळून नंबर घ्या, झोपलेल्या बाळाचा व्हिडिओ होत नाही आणि सबंध दिवस वाया जातो. आम्ही घालवलाय.

'आता यायची गरज नाही' असं म्हणाले की तिथेच बसून राहा आणि पुढची तीन वयं लिहून मागा: चौथं वर्ष, शाळेत जायच्या आधी, आणि गणितात हातचा आला की. तुमची फाइल बंद झाली तरी नंबर कुणाकडे लावायचा त्यांचं नाव घ्या. शाळेचं पत्र पहिल्याच दिवशी मागा, माझ्यासारखं दुसरीपर्यंत थांबू नका.

हे लिहायला घेतलं त्याच्या आदल्या दिवशी ओटीसाठी गेलो होतो तेव्हा खिडकीवर पुन्हा विचारलं, चौथ्या वर्षीची भेट सुरू केली का? अजून नाही म्हणाले. तक्रार-सूचनांच्या वहीत लिहिलं. वही मागितली तेव्हा ती ड्रॉवरच्या तळाशी निघाली, आधीची नोंद पंख्याबद्दल होती. लेकीलाही काही लिहायचं होतं. तिने माझ्या खाली तिचं नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि पुढे 'खुर्च्या लहान पाहिजेत' असं. तिला लिहायला सात मिनिटं लागली, मागे रांग होती, मी काही म्हटलं नाही.